सोनाजींचे पाय आणि पन्नासावी बाटली

वरणाची वाटी त्या आठवड्यात दुसऱ्यांदा उलटली, तेव्हा पद्माबाईंनी फडकं घेतलं आणि फरशी पुसायला सुरुवात केली. सोनाजी ताटासमोर मांडी घालून बसले होते, हातात भाकरीचा तुकडा होता, चेहरा शांत होता. फक्त उजवा पाय मालकाला न विचारता झटकला गेला होता आणि डावाही त्याच विचारात दिसत होता.

"काहून हो, पाय आवरत न्हाई का?"

"आवरूनच तर राहिलो. पण आवरला की आतून कोणी ओढून राहिलं असं वाटतं. उठून दोन पावलं टाकली की बराबर होतं. बसलं की पुन्हा चालू."

"दुखतो का?"

"दुखत बी न्हाई, मुंग्या बी न्हाईत. दुखला असता तर सांगता तरी आलं असतं."

एवढं बोलून सोनाजी ताट घेऊन उठले आणि उरलेली भाकरी त्यांनी ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारत संपवली. पद्माबाई बघत राहिल्या. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या माणसाला त्यांनी चालत जेवताना कधी पाहिलं नव्हतं. सकाळी सगळं ठीक असायचं, शाळेत दिवसभर उभं राहूनही काही नाही. दिवस कलला, अंग जरा टेकलं, की पायांत वारं शिरायचं.

सोनाजी हट्ट्याच्या हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होते. विज्ञानाचे सर आले आणि बदलून गेले, सोनाजी तिथेच. कोणत्या बरणीत मोरचूद, कोणत्या नळीला तडा, कोणत्या वर्गातला कोणता पोरगा आम्ल बघून खोड्या करणार, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. पण गावात त्यांचं नाव होतं ते वेगळ्याच कारणाने. सोनाजींनी एकोणपन्नास वेळा रक्त दिलं होतं. लेक ऐश्वर्याच्या जन्माच्या वेळी हिंगोलीला पद्माबाईंचं रक्त थांबेना, तेव्हा सोयरे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले आणि कोण कुठला एक ट्रकवाला येऊन बाही वर करून झोपला. सोनाजींना त्याचं नावसुद्धा विचारायला सुचलं नाही. तेव्हापासून जिथे शिबिर असेल तिथे ते हजर. गेल्या पाच-सहा वर्षांत तर तीन महिने भरले की दुसऱ्या दिवशी त्यांचा हात पुढे.

आता सहा डिसेंबरला विहारासमोरच्या मैदानात शिबिर होतं आणि तिथे पन्नासावी बाटली भरायची होती. पद्माबाईंचा पुतण्या धम्मदीप शिबिराचा प्रमुख. त्याने सोनाजींचा फोटो टाकून मोठा फलक छापायला दिलासुद्धा होता. अडचण एकच होती. रक्त देण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो आणि त्यात सरळ विचारलेलं असतं, सध्या काही त्रास आहे का? सोनाजींनी तिथे एकोणपन्नास वेळा 'नाही' लिहिलं होतं आणि ते खरं होतं. पन्नासाव्या वेळी खोटं लिहिणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. म्हणजे सहा डिसेंबरच्या आत कारण सापडायला हवं होतं आणि पाय गप्प व्हायला हवे होते.

दुसरा कोणी असता तर दवाखान्यात गेला असता. सोनाजींनी शाळेतली प्रॅक्टिकलची कोरी वही आणली. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात उद्देश लिहिला: 'पाय वळवळण्याचे कारण शोधणे.' खाली साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. अनुमानाची जागा रिकामी सोडली.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," त्यांनी पद्माबाईंना समजावून सांगितलं. "दोन बदलल्या तर कशानं काय झालं ते कळत न्हाई."

"मंग आधी काय बदलता?"

"चहा."

चहा बंद झाला. एकट्या सोनाजींचा नाही, सगळ्या घराचा, कारण घरात पत्ती असली तर प्रयोगात गडबड होईल असं सोनाजींचं स्वतःबद्दलचं प्रामाणिक मत होतं. चौथ्या दिवशी औंढ्याहून ऐश्वर्याचे सासरे आले. व्याह्यांच्या पुढे पद्माबाईंनी गरम पाण्यात लिंबू पिळून ठेवलं. व्याह्यांनी पेल्यात पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, तेवढ्यात समोर बसलेले सोनाजी उठून खोलीत येरझारा घालू लागले. व्याह्यांनी अर्धा पेला संपवला आणि काम आठवलं म्हणून निघाले. संध्याकाळी ऐश्वर्याचा फोन. "आई, बाबाचं अन् मामंजीचं काही बिनसलं का? ते म्हणून राहिले, चहा तर न्हाईच दिला, वरून बसू बी देईनात."

पद्माबाईंना ते निस्तरायला दोन दिवस आणि एक डबा शेंगदाण्याचे लाडू लागले. सोनाजींनी वहीत नोंद केली: 'चहा बंद. चार आणे फरक.' आणि खरोखर तेवढा फरक होता. या माणसाचं हे एक पद्माबाईंना मनापासून आवडायचं. फायदा झाला तर चार आणे म्हणायचा, बारा आणे नाही. तकलीफ स्वतःची असूनही मोजमाप दुसऱ्याचं असल्यासारखं करायचा.

पुढे सर्दी झाली, तिच्यावर एक गोळी घेतली, तर त्या संध्याकाळी पाय असे नाचले की त्यांना देवडीतून अंगणात आणि अंगणातून रस्त्यावर जावं लागलं. नोंद झाली: 'सर्दीची गोळी. त्रास दुप्पट.' एक दिवस बसमध्ये तीन तास बसून परभणीला जाऊन आले, त्याचीही नोंद. झोप कमी झालेल्या दिवसाची वेगळी. वडिलांनाही म्हातारपणी असंच व्हायचं, ते बाजेवर पडल्या पडल्या पाय घासत राहायचे, हे त्यांना आठवलं आणि तेही लिहून ठेवलं. पंधरा दिवसांत वही अर्धी भरली. पद्माबाईंनी ती उलटून पाहिली आणि त्यांना वाटलं, सरकारने या माणसाला कुठे तरी मोठ्या ठिकाणी बसवायला हवं होतं. अर्थात बसवून उपयोग नव्हता.

शेजारच्या नर्मदाबाई कापूस वेचून परत येताना रोज हा येरझाऱ्यांचा देखावा बघायच्या. एके दिवशी त्या काळा दोराच घेऊन आल्या. "पायात बांधा भाऊ. माझ्या जावयाचे पाय याच्यानंच थांबले."

पद्माबाईंना वाटलं, आता हे दोन तास भाषण देणार. दोरे, गंडे, ताईत या घरात तीन पिढ्यांपूर्वीच बंद झाले होते. पण सोनाजींनी दोरा हातात घेतला, उजेडात धरला, विचार केला.

"आपण मानत न्हाई. पण न तपासता न्हाई म्हणणं बी बराबर न्हाई," ते म्हणाले, आणि दोरा फक्त उजव्या पायात बांधला. डावा तुलनेसाठी मोकळा ठेवला.

दुसऱ्या दिवशी धम्मदीप फलकाचा नमुना दाखवायला आला. सोनाजी येरझारा घालत होते, पायजमा घोट्याच्या वर होता. धम्मदीपचं लक्ष खाली गेलं आणि तो आहे तिथेच उभा राहिला.

"काका, हे काय? तुमच्या फोटोखाली मी 'विज्ञाननिष्ठ' लिहिलंय."

"प्रयोग चालू हाय. आठ दिवस थांब."

"गावानं आठ दिवस थांबायला पायजे न. कोणी फोटो काढला तर?"

आठ दिवस सोनाजी सगळीकडे मोजे घालून फिरले. मग नोंद झाली: 'काळा दोरा. उजवा व डावा दोन्ही सारखेच. परिणाम शून्य.' नर्मदाबाईंना निकाल सांगितला तर त्या म्हणाल्या, "एकाच पायात बांधल्यावर कसा गुण यील भाऊ?" सोनाजींनी हा आक्षेपही वहीत लिहून घेतला.

खरी पंचाईत विहारात झाली. रविवारी संध्याकाळी वंदना व्हायची आणि मग कोणाचं तरी भाषण. वंदनेपुरतं सोनाजी दात आवळून बसायचे. भाषण सुरू झालं की दहा मिनिटांनी पाय ऐकेनासे व्हायचे आणि ते हळूच उठून मागच्या भिंतीला लागून चालायला लागायचे. पहिल्या रविवारी बोलणाऱ्याला वाटलं, एवढा मानाचा माणूस उठला म्हणजे आपलं लांबलं. त्याने आवरतं घेतलं. दुसऱ्या रविवारी हिंगोलीहून आलेले पाहुणे, ज्यांची ख्याती दीड तासाची होती, सोनाजी उठताच पंचवीस मिनिटांत थांबले. तिसऱ्या रविवारी विहारात कधी नव्हे ती गर्दी झाली आणि लोक भाषणकर्त्याकडे न बघता सोनाजींकडे बघत बसले.

"पद्माबाई," बाहेर चपला घालताना एक बाई म्हणाली, "भाऊंना बरं नका करू बरं का एवढ्यात."

पद्माबाई हसल्या, पण घरी जाताना त्यांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. सोनाजींचे डोळे खोल गेले होते, जिना चढताना दम लागत होता. त्या घरी आल्या, वही उघडली आणि पहिली तारीख पाहिली. मग त्यांना आठवलं की पंधरा ऑगस्टलाही हट्ट्यात शिबिर होतं.

"अहो, हे सगळं चालू झालं ते तुमी मागच्या बारीला रक्त देऊन आल्यावर. त्याच्या आधी मेमध्ये दिलं, तवा बी तुमी आठ-पंधरा दिवस पाय चोळून राहिले होते. ते लिहा न यात."

"ते न्हाई लिहायचं."

"काहून?"

"वहीत सवयी लिहायच्या असतात. रक्त देणं ही काय माझी सवय हाय?"

"मंग काय हाय?"

सोनाजी उठून चालायला लागले आणि या वेळी पायांमुळे उठले की प्रश्नामुळे, हे पद्माबाईंना कळलं नाही. जो माणूस काळ्या दोऱ्यालासुद्धा तपासल्याशिवाय नाही म्हणत नव्हता, त्याने ही एकच गोष्ट न तपासता बाजूला सारली होती. पद्माबाईंना त्याचा राग आला आणि त्याहून जास्त माया वाटली.

सहा डिसेंबर उजाडला. मंडप, खाटा, रक्तपेढीची गाडी, आणि प्रवेशद्वारावर सोनाजींचा हसरा फोटो. सोनाजी पांढरे कपडे घालून, काखेत वही घेऊन, सगळ्यांच्या आधी रांगेत. फॉर्ममधल्या त्या प्रश्नासमोर त्यांनी 'आहे' लिहिलं आणि 'सोबत वही जोडली आहे' असंही लिहिलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आधी बोटातून थेंब काढला आणि निळ्या पाण्याच्या पेल्यात सोडला. मोरचुदाचं पाणी. रक्तात दम असला की थेंब तळाला जातो, नसला की वर राहतो. सोनाजींनी हे पाणी आयुष्यभर पोरांसाठी ढवळलं होतं, त्यामुळे त्यांना सांगायची गरज नव्हती. थेंब थोडा खाली गेला, मध्ये थांबला, आणि मग निवांत वर आला.

"द्रावण ताजं हाय का, मॅडम?"

"सकाळीच केलंय, काका."

"एकदा परत बघता?"

परत पाहिलं. दुसऱ्या बोटाचं पाहिलं. थेंब वरच. सोनाजी पेल्याकडे बघत उभे राहिले. पद्माबाई मागे होत्या, त्यांना नवऱ्याची फक्त पाठ दिसत होती, पण त्या पाठीवरून सगळं कळत होतं. त्यांनी पुढे होऊन काखेतली वही काढली आणि डॉक्टरीणबाईंसमोर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी एक पान वाचलं, मग दुसरं, मग खुर्ची ओढून बसूनच वाचलं. "काका, हे कोणी लिहिलं? चहाने वाढतं, सर्दीच्या काही गोळ्यांनी वाढतं, बसून राहिल्याने, जागरणाने, घरात आधी कोणाला असेल तर... सगळं बरोबर आहे. फक्त मुख्य कारण नाही."

"कोणतं?"

"तुम्ही शेवटचं रक्त कधी दिलं? त्याआधी? त्याआधी?"

सोनाजींना तारखा तोंडपाठ होत्या. तारखा सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"दर वेळी रक्तातून लोहही जातं, काका. ते भरून यायला वेळ लागतो. तुम्ही भरायच्या आत पुन्हा दिलंत. लोह कमी झालं की काही जणांचे पाय असेच वळवळतात. लोहाची नीट तपासणी करा, साखर आणि किडनीही बघून घ्या, पण मला तरी हेच दिसतंय. आज रक्त द्यायचं नाही. आणि चहा पुन्हा सुरू केलात तर जेवणासोबत घेऊ नका, लोह अंगी लागत नाही."

खरं तर पद्माबाईंना बोलण्याचा पुरेपूर हक्क होता, आणि नवऱ्यानेही त्यांच्याकडे अपराध्यासारखं पाहिलं, पण त्यांनी फक्त वहीतल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. सोनाजींनी खिशातला पेन काढून तिथे लिहिलं: 'अनुमान: रक्तदान, प्रमाणाबाहेर.' अक्षर नेहमीसारखंच सुवाच्य होतं.

धम्मदीपचा चेहरा उतरला होता. तो कानाशी येऊन म्हणाला, "काका, नुसतं खाटेवर झोपा. सुई न लावता फोटो घेऊ. गाव जमलंय, फलक लागलाय."

"आन् बाटली?"

"बाटली कोण बघून राहिलं?"

"मी बघून राहिलो," सोनाजी म्हणाले, आणि त्याच्या हातातला माईक घेतला.

त्यांनी सगळं सांगितलं. थेंब वर राहिला हे सांगितलं, पाय काहून वळवळत होते ते सांगितलं, बायकोने आधीच ओळखलं होतं आणि आपण ऐकलं नाही हेही सांगितलं. "रक्त देणं चांगलंच हाय. पण आपल्या अंगात किती हाय ते पाहून द्या. मी फक्त बाटल्या पाहिल्या." एवढा खरा माणूस आपल्या वाट्याला आला, या विचाराने पद्माबाईंचा ऊर भरून आला. तो भरलेला असतानाच त्यांचं लक्ष रांगेकडे गेलं.

रांगेतल्या पहिल्या तरुणाने पोटरी चोळली. दुसऱ्याने पाय झटकून पाहिला. "मला बी कालपासून वढल्यावाणी होऊन राहिलं," तिसरा म्हणाला आणि बाजूला जाऊन बसला. पाच मिनिटांत पन्नास तगड्या गड्यांचे पाय एकदम आजारी पडले. ज्यांनी आयुष्यात एकदाही रक्त दिलं नव्हतं, त्यांचे तर सगळ्यांत जास्त. खाटा मोकळ्या, नर्सबाई हातमोजे घालून उभ्या, आणि डॉक्टरीणबाई सोनाजींकडे बघत होत्या.

"काका, तुम्ही अगदी खरं बोललात," त्या म्हणाल्या, "पण आता मी रिकामी गाडी घेऊन जाऊ का?"

सोनाजींना माईक कुठे ठेवावा ते कळेना. तेव्हा पद्माबाईंनी पदर खोचला आणि बोट पुढे केलं. "माझं पाहा."

"तू?" सोनाजी घाबरले. "तुझ्यात कुठून येईल रक्त? ऐश्वर्याच्या बारीला तू..."

"त्याला सव्वीस वर्ष झाली. तवापासून मला कोणी विचारलं का?"

विचारलं नव्हतं, हे खरं होतं. सोनाजींनी घरातलं सगळं तपासलं होतं, एवढंच सोडून. डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली, थेंब सोडला. थेंब निळ्या पाण्यातून सरळ खाली गेला आणि तळाशी जाऊन बसला. तीन महिने घरात चहा बंद होता, त्याचा गुण ज्याला यायचा त्याला न येता पद्माबाईंना आला होता.

पद्माबाई खाटेवर झोपल्या. मंडपाच्या कडेला बसलेल्या बायकांनी ते पाहिलं. आधी चौघी उठल्या, मग आठ, मग रांग विहाराच्या पायरीपर्यंत गेली. नर्मदाबाईही आल्या. त्या काट्यावर चव्वेचाळीस किलो भरल्या, पंचेचाळीस लागतात असं कळल्यावर खाली उतरल्या आणि जेवणाचा डबा हातात घेऊन पुन्हा चढल्या. त्यांना समजावून परत पाठवावं लागलं. आपल्या आया आणि बायका खाटांवर झोपलेल्या बघून गड्यांचे पायही हळूहळू बरे झाले. संध्याकाळी गाडी निघाली तेव्हा एकसष्ट बाटल्या भरल्या होत्या, त्यांतल्या अडतीस बायकांच्या.

सोनाजींना काही तरी काम हवं होतं, म्हणून त्यांनी बिस्किटांचं आणि चहाचं ताट उचललं. एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे, दुसरीकडून तिसरीकडे, दिवसभर ते चालत होते आणि पायांनी एकदाही तक्रार केली नाही. पद्माबाईंच्या खाटेशी आल्यावर मात्र ते थांबले. बाटली भरत आली होती. त्यांनी ती नीट निरखून पाहिली, मग बायकोकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"घाबरली न्हाईस न?"

"तुमीच घामाघूम झाले. बसा जरा."

ते स्टुलावर बसले. धम्मदीपने आणून दिलेलं प्रमाणपत्र त्यांनी हातात धरलं. त्यावर पद्माबाईंचं नाव होतं. सोनाजींनी ते दोनदा वाचलं, बोटांवर काही तरी हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाईमाणसाला चार महिन्यानं देता येतं. म्हणजे वर्षाला तीन. तू आता एकोणपन्नासची, पासष्टपर्यंत देता येतं. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, अन् आजची एक..."

"अहो," पद्माबाई म्हणाल्या, "मोजू नका. मोजूनच तुमचं असं झालं."

सोनाजींनी बोटं मिटली. मग त्यांनी ताटातलं एक बिस्कीट उचलून बायकोच्या हातावर ठेवलं आणि सुई निघेपर्यंत तिथेच बसून राहिले.